पाकिटावरची व्यंजना

मराठीच्या प्राध्यापकांनी किराणा मालाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. आत्मकथनांतल्या भुकेविषयी त्यांनी लिहावे, ग्रामीण कादंबरीतल्या भाकरीच्या प्रतिमेवर चर्चासत्रात निबंध वाचावा. परंतु दुकानाच्या फळीवरच्या पाकिटात बंद झालेली भाकरी हा त्यांचा प्रांत नव्हे, तो आहारतज्ज्ञांचा किंवा अन्न व औषध प्रशासनाचा. हा संकेत मोडायची वेळ आली आहे, असे मला वाटते. कारण साधे आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरचा मजकूर हे आज घराघरांत पोहोचलेले गद्य आहे. त्याला लेखकाचे नाव नाही, त्याचे परीक्षण कोणत्याही नियतकालिकात येत नाही, आणि तरीही ते वाचून माणसे आपल्या मुलांच्या ताटात काय वाढायचे ते ठरवतात. ज्याचा परिणाम वाचकाच्या रक्तात मोजता येतो, असे दुसरे गद्य मला तरी ठाऊक नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माण आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा ह्याच गावाच्या शिवारात पसरला. शिवाजीनगरहून निघणाऱ्या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचे दुसरे टोक आणि आगारही इथलेच. मुळशी-मावळ हा मुळात भाताचा मुलूख. आंबेमोहोराचा, आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणीचा. खाचरांच्या जागी आता बहुमजली संकुले उभी आहेत आणि त्यांच्या तळमजल्यांवर ‘ऑर्गॅनिक’, ‘नॅचरल’, ‘वेलनेस’ अशा शब्दांच्या पाट्या मिरवणारी दुकाने. नाचणी इथे मिळते, पण ‘रागी कुकी’ होऊन. गूळ मिळतो, पण बिस्किटाच्या पाकिटावर सोनेरी अक्षरांत. पोहे, कुरमुरे, शेंगदाणे हे सारे ‘सुपर’, ‘रोस्टेड’, ‘गिल्ट-फ्री’ अशी बिरुदे लावून काचेच्या बरण्यांत बसलेले असतात. ज्यांच्या आज्यांनी नाचणीची आंबील करताना तिला कधी विशेषण लावले नाही, त्या घरांतली तरुण माणसे आता विशेषणासाठी चौपट पैसे मोजतात.

दुकानांवर माझा राग नाही. तिथे चांगली ज्वारी मिळते, हातसडीचा तांदूळ मिळतो, डाळी मिळतात. माझी तक्रार आहे ती ह्या सज्जन धान्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पुण्याईवर खपणाऱ्या मालाविषयी. आणि त्याहून अधिक, तो माल ज्या भाषेच्या जोरावर खपतो त्या भाषेविषयी.

*

पदवीच्या वर्गात आपण शब्दशक्ती शिकवतो. अभिधा सरळ अर्थ सांगते. मुख्य अर्थाला बाध आला की लक्षणा कामाला लागते. आणि ह्या दोघींचे काम संपल्यावरही ऐकणाऱ्याच्या मनात जो अर्थ घुमत राहतो, तो व्यंजनेचा. ‘सूर्य मावळला’ एवढेच म्हटले तरी गुराख्याला गुरे वळवायची आठवण होते आणि चोराला कामाला निघायची. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ह्या सूचित अर्थाला, ध्वनीला, काव्याच्या केंद्रस्थानी बसवले. त्यानंतरची हजारभर वर्षे आपण कवींच्या व्यंजनेचे कौतुक करत आलो. व्यापाऱ्याची व्यंजना मात्र आपण कधी तपासली नाही.

ती तपासू. खाद्यतेलाच्या बाटलीवर लिहिलेले असते, ‘कोलेस्टेरॉल नाही’. हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थ. वनस्पतीच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. तेव्हा ही त्या तेलाची करामत नव्हे, तसे पाहिले तर शेंगदाण्यावर ‘हाडे नाहीत’ असेही छापता येईल. पण वाचणाऱ्याच्या मनात जो अर्थ उमटतो तो असा, की हे तेल हृदयाला चांगले, दुसऱ्याने काळजी करावी. पामतेलातली निम्मी स्निग्धांशे संपृक्त असतात आणि शरीर त्यांच्यावरही आपले कोलेस्टेरॉल वाढवू शकते, ही गोष्ट त्या दोन शब्दांच्या सावलीत झाकली जाते.

‘मल्टिग्रेन’ बिस्किटाचे पाहा. शब्दशः अर्थ एवढाच, की त्यात एकाहून अधिक धान्ये आहेत. किती, हा प्रश्न शब्दाने विचारलेलाच नाही. पाकीट उलटे केले की घटकपदार्थांची यादी दिसते, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तिथे अनेकदा पहिल्या क्रमांकावर बसलेला असतो मैदा, त्याच्या मागे साखर आणि वनस्पतिजन्य तेल, आणि जिच्या लोंब्या पुढच्या बाजूवर वाऱ्यावर डोलत असतात ती धान्ये शेपटाशी, एकआकडी टक्क्यांत. चित्र पुढे, सत्य मागे, आणि दोन्हींमधली जाडी पुठ्ठ्याची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत लेबलांवरच्या अशा दाव्यांविषयी स्पष्ट इशारा आहे. ‘खऱ्या फळांचे’ असे सांगणाऱ्या पदार्थात फळाचा अंश दहा टक्के किंवा त्याहूनही कमी असू शकतो, आणि ‘शुगर-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात मेद आणि मैदा ठासून भरलेला असू शकतो, हे तिने बजावले आहे.

साखरेचे नाटक ह्याहून रंगतदार. साखर ही नाटकातल्या बहुरूप्यासारखी एकाच प्रवेशात अनेक नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, मधाची पावडर, खजुराचा पाक. वेगवेगळ्या नावांनी विभागली, की यादीतला तिचा क्रमांक आपोआप खाली सरकतो. माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ तर पोषणतक्त्यात साखर म्हणून धरलाही जात नाही, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो पिष्टमय. रक्तातली साखर मात्र तो झपाट्याने वाढवतो. आणि ह्या सर्वांवर मराठी मनाला हमखास जिंकणारा आपला गूळ. ‘साखर नाही, फक्त गूळ’ ही ओळ वाचून मधुमेही आजोबाही निश्चिंतपणे लाडू उचलतात. गूळ उसाचाच, आणि त्यातला मोठा भाग सुक्रोजचाच, म्हणजे साखरेचाच. त्यात लोहासारखी खनिजे थोडीफार असतात हे खरे, पण ती गरज भागवण्याइतका गूळ खायचा तर खनिजांचा प्रश्न सुटण्याआधी दुसरा प्रश्न उभा राहील. गुळावर माझे प्रेम आहे. त्याच्या नावाने माणसे फसवली जावीत, हे त्या प्रेमाला रुचत नाही.

‘हिमालयीन’ गुलाबी मिठाची कथा तर भूगोलाच्याही अंगाने मनोरंजक आहे. ह्या मिठाचा मोठा भाग येतो तो पाकिस्तानातल्या पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतून, खेवड्याच्या खाणीतून. हिमशिखरे तिथून बरीच लांब. बाकी ते मीठच, म्हणजे मुख्यत्वे सोडियम क्लोराइड. रक्तदाब वाढवायला ते पांढऱ्या मिठाइतकेच समर्थ. आयोडीन मात्र त्यात सहसा घातलेले नसते, आणि गलगंडाविरुद्ध ह्या देशाने अनेक दशके राबवलेल्या कार्यक्रमाची ही आरोग्यप्रेमी घरे नकळत पीछेहाट करतात. ‘हिमालय’ ह्या शब्दाबरोबर येणारी शुभ्रता, तपश्चर्या, प्राचीनता हे सारे ध्वनी फुकट मिळतात. नव्हे, त्यांचेच पैसे घेतले जातात.

आणि ‘ए-टू’ तूप. गाईच्या दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू असे दोन प्रकार आहेत. ए-टू दूध अधिक आरोग्यदायी की नाही हा वादाचा विषय असेल, आपण तो बाजूला ठेवू. पण तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. प्रथिने कढवून, गाळून काढल्यावरच ते तूप होते. जो घटक पदार्थात उरलेलाच नाही त्याच्या उच्च कुळाचा दाखला देऊन तो पदार्थ विकला जातो. आपल्याकडे कुळाच्या दाखल्याला किती किंमत असते हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असावे.

ह्या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. वाच्यार्थ खरा, किंवा निदान कोर्टात टिकण्याइतका खरा, व्यंग्यार्थ खोटा. आणि माणूस विकत घेतो तो व्यंग्यार्थ.

*

कायद्याने ह्यावर काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. जाहिराती आणि दाव्यांविषयीचे २०१८ चे विनियम तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावेत असे आहेत, कारण ती विशेषणांची संहिताच आहे. शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असेल तर ‘साखरमुक्त’ म्हणायचे नाही. घन पदार्थात पाच ग्रॅमहून अधिक असेल तर ‘कमी साखर’ म्हणायचे नाही. ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ हे शब्द कधी वापरावेत ह्यालाही नियम आहेत. ‘होममेड’ असा भास निर्माण करणारे शब्द तर वापरायचेच नाहीत. हे वाचताना मला सरकारविषयी क्षणभर आदर वाटला. विशेषणांवर इतका अविश्वास तर आपण नवकवींनाही शिकवू शकलो नाही.

पण ह्याच विनियमांत एक पळवाट आहे. एखाद्या व्यापारी नावातच ‘नॅचरल’, ‘प्युअर’, ‘रिअल’ असे विशेषण असेल आणि त्यामुळे दिशाभूल होण्याचा संभव असेल, तर नाव बदलण्याची गरज नाही. किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत खुलासा छापायचा, की हे केवळ व्यापारी नाव आहे, ते पदार्थाचे खरे स्वरूप दर्शवत नाही. ह्या तरतुदीत जी उपरोधाची कमाल आहे ती मराठी विनोदी लेखकांनाही साधलेली नाही. मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध’. छोट्या अक्षरांत, ‘शुद्ध हे नाव आहे, गुण नव्हे’. खोटे बोलण्याला परवानगी आहे, फक्त कानात हळूच खरे सांगितले पाहिजे.

ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही, हे ‘ओआरएस’च्या प्रकरणाने दाखवून दिले. तोंडावाटे द्यायची क्षारसंजीवनी हा विसाव्या शतकातला एक थोर शोध. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाण्याचे द्रावण सर्रास पाजून असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याचे क्षारांशी प्रमाण जुळले तरच आतडे पाणी शोषून घेते. साखर फार झाली तर उलटे घडते, पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढतात. असे असताना ह्या सूत्राच्या कित्येक पट साखर असलेली फळांच्या चवीची पेये ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे नावात मिरवत औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ह्यांनी ह्याविरुद्ध सुमारे आठ वर्षे झुंज दिली. प्राधिकरणाने २०२२ च्या एप्रिलमध्ये मनाई केली, जुलैमध्ये ती सैल केली: नावात अक्षरे राहू देत, फक्त ‘हे संघटनेने शिफारस केलेले सूत्र नव्हे’ असा खुलासा छापा. म्हणजे पुन्हा मोठ्या अक्षरांत नाव आणि छोट्या अक्षरांत नकार. जुलाबाने गळालेले मूल मांडीवर घेऊन दुकानात धावलेली आई काय वाचेल, नाव की तळटीप? अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ही सवलत मागे घेतली गेली. एका व्यंजनेला हटवायला आठ वर्षे लागली, आणि तीही एका डॉक्टरबाईंच्या चिकाटीमुळे.

दुसरे प्रकरण ‘हेल्थ ड्रिंक’चे. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंका ह्या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेविषयी एक चित्रफीत प्रसारित केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने ती मागे घेतली. पण तोवर लोकांनी डबे उलटे करून वाचायला सुरुवात केली होती. त्या वर्षअखेरीस शंभर ग्रॅममागच्या वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणले गेले. कमी केल्यानंतरही जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या निदर्शनास आले, की २००६ च्या अधिनियमात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या वर्गातून काढायला सांगण्यात आले. म्हणजे मुले दुपारी शाळेतून आल्यावर जे ‘आरोग्यपेय’ म्हणून पीत होती, तो वर्ग कायद्यात अस्तित्वातच नव्हता. ते फक्त एक सुंदर विशेषण होते. आणि मग काय झाले? त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या उत्पादकांनी ‘आरोग्य’ हा शब्द काढून आपल्या वर्गाचे नाव ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’ असे केले. एक विशेषण गेले, त्याच्या जागी दोन आली.

तिसरे प्रकरण पाच दिवसांचे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी प्राधिकरणाने ए-वन आणि ए-टूचे दावे वेष्टनांवरून काढण्याचा आदेश दिला. तुपासारख्या पदार्थांवर असा दावा दिशाभूल करणारा आहे, हेही सांगितले. २६ ऑगस्टला आदेश मागे घेतला. फळ्यांवरचे तूप हललेही नाही.

ह्या तिन्ही प्रकरणांत कायदा शब्दाच्या मागे धावतो आणि शब्द रूप बदलून पुढे निघून जातो. ‘होममेड’ चालत नाही म्हटल्यावर पाकिटावर नऊवारीतली, जात्यावर बसलेली आजी येते. आजीला मनाई करणारा विनियम कसा लिहिणार? कायदा अभिधेचा पहारेकरी आहे आणि चोरी व्यंजनेच्या दाराने होते.

जिथे वाच्यार्थच खोटा असतो अशी प्रकरणेही आहेत. ती मी थोडक्यात उल्लेखिते, कारण त्यांत काव्यशास्त्राला फारसे काम नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट ह्या संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासून घेतले. सर्व चाचण्यांत उतरले ते फक्त तीन. साखरेचा पाक इथल्या नेहमीच्या चाचण्यांना चकवील अशा रीतीने बनवला जातो, असे संस्थेचे म्हणणे होते. संबंधित कंपन्यांनी ते नाकारले. ज्या पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी आहे त्या पुण्याच्या उपनगरांत तरी हा विषय अपरिचित नसावा. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर छापलेल्याच्या निम्मीच प्रथिने होती. हिंजवडी-माणच्या व्यायामशाळांतून घामाघूम होऊन बाहेर पडणारी मुले ज्या डब्यांवर पगाराचा लचका खर्च करतात, ते ह्याच जातीचे डबे.

*

ह्यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की सगळे मागच्या बाजूला छापलेले असते, ग्राहकाने वाचून घ्यावे. मान्य. पण कोणत्या भाषेत? २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला म्हणजे पुरे. इतर भाषा ऐच्छिक. व्यवहारात तो इंग्रजीतच असतो. आता ह्याशेजारी दुसरे चित्र ठेवा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत करणे बंधनकारक झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या पेढ्यांच्या खोक्यावर घटकपदार्थ कोणत्या भाषेत होते, हे कोणी पाहिले का? पाटी मराठी, पाकीट इंग्रजी. ‘मैदा’ हा शब्द निरक्षर बाईलाही कळतो. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ हा शब्द पदवीधराच्याही डोळ्यांवरून घसरतो, उलट त्यातल्या ‘रिफाइन्ड’मुळे तो थोडा सुसंस्कृत वाटतो. भाषेचा अभिमान पाटीवर आणि भाषेची गरज पाकिटावर, अशी ही फाळणी आहे. पाटीसाठी मोर्चे निघाले. पाकिटासाठी एकही निघाला नाही.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि तो साहित्याच्या माणसांना चटकन पटतो. अतिशयोक्ती हा अलंकारच आहे, मग व्यापाऱ्याने केली तर काय बिघडले? ह्याचे उत्तर जुने आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ मध्ये कायदा झाला, त्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी व्यापारी जाहिरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आश्रयाला येऊ शकत नाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात व्यापारी वाणीलाही संरक्षण मिळाले, परंतु फसव्या वाणीला नव्हे. फरक मूलभूत आहे. कवीची अतिशयोक्ती अतिशयोक्ती म्हणूनच ओळखली जाते, तिची ओळख पटण्यातच रस आहे. चंद्रमुखीला आरशात चंद्र दिसावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. पाकिटाची अतिशयोक्ती ओळखली गेली तर तिचे काम फसते. जो अलंकार ओळखू न येण्यावर जगतो त्याला अलंकार म्हणत नाहीत.

ह्याच संदर्भात पतंजलीच्या खटल्यातला एक प्रसंग भाषेच्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, एप्रिल २०२४ मध्ये, कंपनीने वृत्तपत्रांत माफीनामा छापला. न्यायालयाने विचारले, हा माफीनामा तुमच्या जाहिरातींच्याच आकाराचा आहे काय? त्या प्रश्नात पाकिटाचे सारे शास्त्र आले. अक्षराचा आकार हा अर्थाचाच भाग असतो. तीन मिलिमीटरच्या खुलाशाला हाच प्रश्न कोणी विचारलेला नाही.

तिसरा आक्षेप असा, की ही श्रीमंतांची दुखणी आहेत. ज्यांना चौपट किमतीची कुकी परवडते त्यांनी फसावे, आपले काय गेले? माणकडे पाहिले की हा आक्षेप टिकत नाही. संकुलांच्या फाटकांवर बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षारक्षक, घरकामाला जाणाऱ्या बाया, कॅन्टीनमधली मुले ही सारी ह्याच दुकानांसमोरून जातात आणि साहेबांची मुले काय पितात ते पाहतात. काचेमागचा डबा परवडत नाही म्हणून माल्टच्या भुकटीची छोटी पुडी घेतली जाते, दुधाच्या आणि अंड्याच्या पैशांतून. व्यंजना वरून खाली झिरपते, पोषण झिरपत नाही. श्रीमंताची फसवणूक त्याच्या पाकिटापुरती, म्हणजे खिशातल्या पाकिटापुरती. गरिबाची त्याच्या मुलाच्या हाडांपर्यंत जाते.

*

मग काय करावे? सरकारकडून मागायच्या गोष्टी उघड आहेत. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, मेद जास्त असलेल्या पदार्थांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोन छापायला लावले. लहान मुलालाही कळेल अशी ती खूण. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो ताऱ्यांचा: अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे. चिन्हांचा अर्थ लावणे ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना ह्यातली मेख सांगायला नको. अष्टकोन इशारा देतो. तारा कौतुक करतो. त्या योजनेत सर्वांत वाईट पदार्थालाही अर्धा तारा मिळणार होता, म्हणजे नापासालाही अर्धे शाबासकीपत्र. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्यांचा निर्णय घ्यायला तीन महिने दिले, आणि ती मुदतही पुढे ढकलली गेली. इशारा हवा, तो दर्शनी बाजूला हवा, दाव्याच्या आकाराचा हवा आणि महाराष्ट्रात तो मराठीत हवा, एवढी मागणी मराठीच्या संघटनांनी करायला काय हरकत आहे?

पण मला विशेष बोलायचे आहे ते आपल्या विभागांविषयी. गेली अनेक वर्षे आपण ‘उपयोजित मराठी’ किंवा ‘व्यावहारिक मराठी’ शिकवतो. त्यात जाहिरातलेखन असते. परीक्षेत प्रश्न येतो: अमुक वस्तूची आकर्षक जाहिरात तयार करा. विद्यार्थी घोषवाक्य रचतो, यमक जुळवतो, ‘आरोग्याचा खजिना’ लिहितो. आपण आकर्षकतेला गुण देतो. ते विधान खरे आहे का, ह्याला गुण नाहीत. तोच विद्यार्थी मागच्या तासाला अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ करून आलेला असतो, आणि दोन्ही तासांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही. जाहिरात लिहायला शिकवायची आणि वाचायला शिकवायची नाही, ह्याला भाषाशिक्षण म्हणत नाहीत. तो विक्रेत्यांच्या पुरवठ्याचा उद्योग आहे. चाकण, भोसरी, हिंजवडीच्या कंपन्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या ह्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी निदान भाषेच्या तासाला तरी वेगळे काही करावे.

करायचे ते फार अवघड नाही आणि त्याला अनुदानही लागत नाही. शब्दशक्तीच्या तासाला विद्यार्थ्यांना घरातले एक रिकामे पाकीट आणायला सांगावे. पुढच्या बाजूचे प्रत्येक विशेषण काढून फळ्यावर लिहावे, त्यासमोर मागच्या बाजूचा आकडा लिहावा, आणि दोहोंमधल्या अंतराला काव्यशास्त्रात काय म्हणतात ते विचारावे. मग मागची यादी घरच्या मराठीत उतरवायला सांगावी: मैदा, साखर, पामतेल, साखर, मीठ, पुन्हा साखर. जाहिरातलेखनाच्या प्रश्नात ‘विधानाची सत्यता’ ह्यासाठी निम्मे गुण ठेवावेत. डबे वाचायला शिकवण्याचे काम ह्या देशात एका तरुणाने आणि एका बालरोगतज्ज्ञाने केले. दोघांपैकी कोणी साहित्याचे प्राध्यापक नाही. ध्वनिसिद्धान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट थोडी तरी टोचायला हवी.

काव्यातली व्यंजना उलगडून दाखवल्याबद्दल आपल्याला वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो. ज्या व्यंजनेमुळे मुलांच्या पोटात साखर जाते ती उलगडून दाखवायला वेगळी पदवी लागत नाही. पाकीट फक्त उलटे करावे लागते.